पोस्टकार्डावरची ती

जांभूळटोला, नवेगाव बांधाजवळ
ता. ३० ऑगस्ट १९३८

ती. सौ. देवकाबाईस,
धाकट्या भावाचा, खेमराजचा, साष्टांग नमस्कार.

बाई, माझं सगळं बदललं ते गेल्या शुक्रवारी, पोळ्यानंतरच्या मारबतीच्या दिवशी, दुपारच्या जेवणानंतर. बाहेर पोरं मारबतीचा पुतळा घेऊन शिवेकडे पळत होती, ‘ईडा पीडा घेऊन जा गे मारबत’ असा गलका चालला होता, आणि मी तलावाच्या बांधाच्या पाळीवर सुखरामबुवाच्या झोपडीत झोपलो. चार तास! तू म्हणशील, यात काय मोठं? बावीस दिवसांनी झोपलो, बाई.

क्रमानं सांगतो, नाहीतर माझाच गोंधळ होतो. कॉलेज सोडल्याचं बाबांनी कळवलंच असेल, त्यांच्या पद्धतीनं, म्हणजे शिव्यांसकट. पण कारण त्यांना ठाऊक नाही. केशोराव पाटलांच्या यशोदेला पाहायला साकोलीकडचे लोक येणार, असं मला नागपूरला कळलं. दुसऱ्या दिवशी वर्गात प्रोफेसरांनी विचारलं, "लक्ष कुठे आहे?" मी म्हणालो, "गावी." वर्ग हसला. जो सगळ्यात मोठ्यानं हसला त्याच्या कानाखाली वाजवली आणि तसाच स्टेशनावर गेलो. ट्रंक अजून होस्टेलातच आहे.

यशोदेशी काय बोललो म्हणशील, तर काहीच नाही. रोवणा चालू होता, धानाची लावणी जोरात. ती बांधीच्या चिखलात वाकलेली, मी कडेच्या धुऱ्यावर उभा. ती म्हणाली, "कॉलेज सुटलं का?" मी म्हणालो, "सोडलं." ती म्हणाली, "काऊन?" गाडीत बसून अख्खं भाषण पाठ केलं होतं, पण तोंडातून निघालं, "असंच." ती पुन्हा वाकली. बस्स, एवढीच भेट.

मग केशोराव पाळीवर दहा माणसांत म्हणाले, "अर्ध्यातून उठून येनाऱ्याले मी पोरगी देत नाही. आधी एक पीक पानी राखून दाखव म्हना." म्हणून या वर्षी आपल्या घरची तुडुमाची राखण मी मागून घेतली. तुला काय सांगायचं? तलावाचं पाणी तुडुमाच्या तोंडातून पाटात सोडायचं, बूच लावायचं, आणि वरच्या बांध्यावाल्यांनी पाटाच्या शेवटी, शेपटाकडच्यांचं पाणी मधेच फोडून घेऊ नये म्हणून डोळ्यात तेल घालून बसायचं. केशोरावांची बांधी नेमकी शेपटाला आहे.

पण डोळ्यात तेल घालायची गरजच पडेना. डोळे मिटतच नव्हते. पडलो की डोक्यात धानाची गिरणी सुरू. साकोलीचा तो पोरगा मिशीवाला असेल का, यशोदा त्याला हसली असेल का, मी ‘असंच’ काऊन म्हणालो. उठावं, चहा प्यावा, बिडी ओढावी, पुन्हा पडावं, पुन्हा गिरणी. शेवटी सुखरामबुवा म्हणाला, "अबे, तू मानूस आहेस का घुबड? हे घे." मोहरीएवढी अफू होती. तीच, जी रोवण्याच्या दिवसांत लेकरं ओरडू नयेत म्हणून बाया बोटावर चाटवतात. तूही तुझ्या लहान्याला देत होतीस. कडू जहर! गुळासोबत गिळली, आणि गिरणी बंद.

आता रोज घेतो. भीती वाटते आणि वाटतही नाही. तू सांग, सोडू की ठेवू? मला आईच्या जागी तूच आहेस.

एक गोष्ट नीट लक्षात ठेव. आपल्याकडे शाळा आणि टपाल दोन्ही केवळराम मास्तर पाहतात. कार्ड आलं-गेलं की आधी ते वाचतात, मग चावडी वाचते. बंद लिफाफा टाकला तर त्याहून वाईट. ‘पोरानं लिफाफा टाकला, काय भानगड?’ म्हणून बाबांकडे जातात. तेव्हा हा एवढा लिफाफा बकाराम गाडीवाल्याच्या हाती देतो, तो उद्या सडक अर्जुनीला येतो आहे. यापुढे कार्डच टाकीन आणि त्यावर अफूचं नाव काढणार नाही. ‘ती’ म्हणेन. अफू स्त्रीलिंगी आहे, कॉलेजात एवढं तरी शिकलो.

तुझा,
खेमराज


(पोस्टकार्ड)
जांभूळटोला, ता. १२ सप्टेंबर

ती. सौ. देवकाबाईस सा. न.
ती मला रोज दुपारी भेटते. सुखरामबुवा गाठ घालून देतो. कडू आहे, पण तिच्याशिवाय आता डोळा लागत नाही. परवा एक दिवस भेटली नाही तर अंग मोडून आलं, नाकाडोळ्यातून पाणी, जांभयांवर जांभया, जीव नकोसा झाला. बाई, सोडू की ठेवू? तू काहीच कळवलं नाहीस. एका शब्दात कळव. बाबांना काही लिहू नको.
खेमराज


सडक अर्जुनी
ता. १८ सप्टेंबर

चि. खेमराज यास देवकाचे अनेक आशीर्वाद.
तुयं कार्ड भेटलं. वाचून हसू आलं अन् रडू बी आलं. नाव नाही लिवलं ते बेस केलं, मास्तरचे डोळे लय लांब आहेत. मले न लिवता बी समजलं.

सोडू का म्हनून कायले विचारतोस? जिच्यानं जीव शांत होते, डोळा लागते, तिले सोडू नोको. आपल्या घरात हे काही पयल्यांदा नाही. मोठ्या काकाचं बी असंच झालं होतं. आजानं लय आदळआपट केली, पन काकानं जलमभर निभावली. कडू म्हनतोस, ते सुरुवातीचं असते रे. पुढं गोड लागते.

पन एक आईक. त्या सुखरामच्या मध्यस्थीनं, पाळीवर, चोरून, हे बरं नाही. लोकं पाहून राहिले असतीन. उजळ माथ्यानं घरी आन. बाबाले मी समजावतो.

लहान्या तुयी आठवन काढते. तुये भाऊजी धानाच्या किडीनं बेजार हायेत.
तुयी बाई,
देवका


(पोस्टकार्ड)
जांभूळटोला, ता. २५ सप्टेंबर

ती. सौ. देवकाबाईस सा. न.
तुझं पत्र तीनदा वाचलं. तू ओरडशील असं वाटलं होतं. मोठे काकाही त्यातलेच, हे मला कोणी कधी सांगितलं नाही! आता समजतं ते ओसरीवर इतके शांत कसे बसत.

तुझ्या शब्दावर तिला घरी आणलं. उशाशीच असते. बाबांना पत्ता नाही. आता दुपारी एकदा भेटून भागत नाही, सकाळीही लागते. दुपारी मेल्यासारखा झोपतो, पुढे टक्क जागा. राखणीला बसतो तेव्हा डोकं जड, म्हणून चहा आणि बिड्या. त्या चहाबिड्यांनी उडालेली झोप आणायला पुन्हा ती. झोप नाही म्हणून ती, की ती आहे म्हणून झोप नाही, काही समजेनासं झालं आहे. आणि खरं सांगू? छाती कासावीस होते ती तिच्यासाठी की दुसऱ्या कोणासाठी, तेही कळत नाही.
खेमराज


सडक अर्जुनी
ता. ३० सप्टेंबर

खेमराज,
आशीर्वाद मागून देतो, आधी शिव्या घे.

तुले अक्कल हाय का नाही? घरी आन म्हनलं तर वाजतगाजत आन म्हनलं होतं. उशाशी म्हने! अन् बाबाले पत्ता नाही म्हने! लपवलीस कुठं, ढोलीत का धानाच्या? सकाळी बी अन् दुपारी बी, हे कार्डावर लिवतोस? मास्तरनं वाचलं असन तर आतापावतो गावच्या कुत्र्याले बी माहीत झालं असन. अन् वरून ‘दुसऱ्या कोणासाठी’! हे काय आनखी नवीन? हे कार्ड तुया भाऊजीच्या हातात पडू नाही म्हनून मी ते तांदळाच्या डब्यात खुपसलं.

मी दसऱ्याले येऊन राहिली, सोनं द्यायले. सरळ केशोरावच्या घरी जातो अन् तिच्याबद्दल सारं काही सांगून टाकतो. हात जोडतो, पदर पसरतो, पन हे निस्तरतो. तू मधात तोंड घालू नोको.
देवका


(बंद लिफाफा)
जांभूळटोला, ता. २ ऑक्टोबर

देवकाबाई,
मास्तर काय म्हणायचं ते म्हणोत, आज लिफाफाच टाकतो.

तू केशोरावांना तिच्याबद्दल सांगणार? तू? जिनं ‘सोडू नको’ म्हणून लिहिलं ती? आधी पोराला पाटात ढकलायचं आणि मग पाटलाला जाऊन सांगायचं की पाहा, हा बुडाला! केशोरावांना तिचा वास जरी लागला तर यशोदा माझ्या हातची गेली, एवढं तुला समजत नाही? मी तिला सोडीन. शपथ. आज नाही, पण ही राखणीची पाळी संपली की सोडीन. पण यशोदेच्या बापासमोर तिचं नाव काढलंस तर तुझं-माझं नातं तुटलं. भाऊबीजेला पाट मांडू नको.
खेमराज


सडक अर्जुनी
ता. ९ ऑक्टोबर

चि. खेमराज यास,
तुया तो लिफाफा मी गावाहून परत आली तवा उंबऱ्यात पडला होता. आधी वाचली असती तर गेलीच नसती. आता उशीर झाला. काय झालं ते सारं सांगतो, कारन त्या दिवशी तू शुद्धीत नव्हतास.

मी उतरल्या उतरल्या तुडुमावर आली. तू बुचाजवळ बसल्या बसल्या झोपला होतास, तोंड उघडं. पानी सुटलेलं, अन् वरच्या बांधीवाल्यांनी पाट फोडून आपल्याकडे वळवलेलं. मी तुले हलवलं, "खेमू, अबे उठ ना!" तू डोळे उघडले, माया तोंडाकडे पायलं, अन् म्हनलास, "कोन?" मले कोन म्हनलास. मी समजली, थकला असन पोरगा. तुया हातातून चुन्याची डबी घरंगळली होती, ती मीच तुया खिशात घातली. बूच लावलं अन् केशोरावकडे गेली. कार्डातली ‘ती’ म्हंजे यशोदाच असं मी धरून चालली, तुयं मन तिच्यावर हाय हे मले कवाचंच ठाऊक.

केशोराव ओसरीवर होते. त्याहिची बांधी भेगाळून राहिली होती, त्यानं आधीच डोकं तापलेलं. मी सोनं दिलं, पाया पडली, म्हनलं, "काका, पोरं चुकतात. खेमराजचं अन् तुमच्या यशोदाचं जे झालं ते झालं. पोरगं तिच्याशिवाय झोपत नाही. लगीन लावून टाका." अन् मी मूर्खावानी तुये दोन्ही कार्डं त्याहिच्या पुढं ठेवले, का पाहा किती जीव हाय म्हनून.

ते म्हनले, "हे मले दाखवायची गरज नाही देवका. मास्तरनं आठ दिवसांआधी चावडीत तोंडपाठ म्हनून दाखवलं. रोज दुपारी भेटते. उशाशी असते. सारा गाव मायाकडे पाहून हसून राहिला. साकोलीवाल्याईनं कालच निरोप धाडला, थांबा म्हनून." अन् मग त्याहिनं आत आवाज दिला, "यशोदे, बाहीर ये!" खेमू, तो आवाज मी जलमात इसरनार नाही.

यशोदा दारात आली. डोळे सुजलेले, पन मान सरळ. कार्ड मागून घेतलं, वाचलं. मले म्हनली, "देवकाबाई, हे मी नाही. रोवण्यापासून मी त्याच्यासंगं एक शब्द बोल्ली नाही. दुपारभर मी मायसंगं निंदनाले असतो, पन्नास बाया साक्षी आहेत. अन् हे पाहा, ‘कडू आहे’ लिवलं. मी त्याले कडू कवा लागली? त्याले विचारा, ही कडू कोन हाय."

बाप म्हनला, "आता काही बोलू नोको." तिले धान कापायले बी पाठवनार नाही म्हनतात. घरात कोंडली.

अन् मी घरी येऊन तुया लिफाफा वाचतो तर त्यात ‘ती’ येगळी अन् यशोदा येगळी! माया डोक्यात तर निस्ता चिखल झाला. दोन बाया हायेत का रे? एक उशाशी अन् एक मनात? मंग त्या दुसरीचं नाव सांग. तिचं नाव आल्याशिवाय या पोरीचं नाव धुऊन निघत नाही. ती कोन हाय?
देवका


(बंद लिफाफा)
जांभूळटोला, ता. १४ ऑक्टोबर

ती. सौ. बाईस,
तुझं पत्र वाचून आधी पळत मास्तरांकडे गेलो. टपालाच्या पेटीवर त्यांना आपटलं, चष्मा फुटला. ते ओरडत होते, "तूच लिवलं ना? मी काय मनचं वाचलं?" मग बाबांनी मला आपटलं.

तिथून बकारामकडे गेलो. ऑगस्टात तुझ्यासाठी एक लिफाफा दिला होता, तो तुला मिळालाच नाही, हे मला आता समजतं आहे. तो डोकं खाजवत म्हणाला, "दिला असन. का नसन दिला? कोनत्या कपड्यात ठेवला होता देव जाने." म्हणजे हरवला. हरवला ते एका अर्थी बरंच झालं.

बाई, दोन बाया नाहीत. एवढं सांगतो. ती कोण ते विचारू नको. ते सांगितलं तर मी या गावात उभा राहू शकत नाही. तू केशोरावांना फक्त एवढं कळव की ती यशोदा नाही, खेमराजनं शपथेवर लिहिलं आहे. मोठे काका कसे निभावून गेले ते मला एकदा सविस्तर लिही. त्यांना घाम यायचा का? दचकून जाग यायची का? मला आता ती भेटूनही नीट झोप नाही. डोळे मिटतात, पण आत कोणीतरी जागंच असतं. स्वप्नात यशोदा विचारते, "काऊन?" मी म्हणतो, "असंच." कपाळावरचा घाम पुसून उठतो आणि उशाशी हात जातो. तो हात यशोदेसाठी जातो असं मी स्वतःला सांगतो. विरहच म्हणायचा, दुसरं काय? पण विरहानं नाक कसं वाहील, बाई?
खेमराज


सडक अर्जुनी
ता. १८ ऑक्टोबर

खेमराज,
तुयी शपथ घेऊन काय करू? केशोरावले निरोप दिला. ते म्हनले, "यशोदा नाही तर कोन? नाव आना." नाव नसन तर तुयी शपथ म्हंजे पान्यावरची रेघ.

मोठ्या काकाले घाम कायले येईन? काकूले घाम येत असन, रांधून रांधून. तू काय विचारून राहिलास तेच मले समजत नाही. भाऊबीजेले ये. पाट मांडतो. तोंडानं सांगता येत नसन तर कानात सांग.
देवका


सडक अर्जुनी
ता. २७ ऑक्टोबर

खेमू,
भाऊबीजेले तू आला नाहीस. पाट रिकामा पडला. पन तुयी चिट्ठी आली, ऑगस्टातली.

काल इथं दिवाळीमागची मंडई होती, जत्रा मोठी. बकाराम आला, दंडारीचं नाटक पाहायले. अंगात तो काळा कोट, जो त्याले लग्नात भेटला अन् जो तो सालातून एकदा, मंडईले घालते. तुयी चिट्ठी घेतली त्या दिवशी पाटील लोकांसंगं निघाला म्हनून बी घातला होता म्हने, उन्हात काढला, खुंटीले टांगला, अन् सीधा काल अंगात चढवला. माया दारात उभा राहून सुपारी काढाले खिशात हात घातला, अन् निघाला तुया लिफाफा. म्हनते कसा, "देवकाबाई, हे घ्या, जरासा उशीर झाला."

वाचली. चुलीवर भात लागला तरी मले समजलं नाही.

आधी माया गुन्हा. मी तुले सोडू नोको म्हनली, घरी आन म्हनली. मी यशोदेबद्दल म्हनत होती अन् तू अफूबद्दल वाचत होतास. मोठ्या काकानं काकूसंगं आजाच्या मनाविरुद्ध लगीन केलं होतं रे बाबा, अफूसंगं नाही! तो ओसरीवर शांत बसे, कारन काकू त्याले बोलूच देत नसे. हसू नोको. मी बी हसली अन् मंग लय रडली. ती अफूची डबी चुन्याची म्हनून मी मायाच हातानं तुया खिशात घातली ना?

आता तुया गुन्हा. तू आपलं तोंड झाकायले एक शब्द घेतला अन् तो जाऊन दुसऱ्याच्या पोरीच्या तोंडाले काळं फासून आला. पयले तुले ठाऊक नव्हतं, मान्य. पन चौदा तारखेले ठाऊक होतं. तवा बी तू लिवलं, ‘हरवला ते बरंच झालं’. तो शब्द वाचून मले तुयी कीव नाही आली, खेमू. राग आला. कोंडलेली पोरगी अन् याले बरं वाटून राहिलं!

झोपेचं सांगतो. लहान्याची मी सोडवली तवा एकदम नाही सोडवली. रोज जराशी, जराशी कमी. तीन दिवस रडला, हगला, अंग तापलं, मी त्याले घेऊन फिरत राहिली. चौथ्या दिवशी पायाच्या अंगठ्याशी खेळता खेळता आपल्या आपन झोपला. मोठ्या मानसाले जास्ती दिवस लागतीन, अन् एकट्यानं जमनार नाही. माया घरी ये. भाऊजीले मी सांगितलं, ते म्हनले, "येऊ दे, धान झोडायले मानूस पाहिजेच." डोकं भनकलं तर धान झोड, चहा-बिडी मी देनार नाही. तिथं राहून दुपारी सुखराम अन् उरलेला वेळ गिरनी, यात तू मरशील.

पन आधी ते काम कर. ते कोनतं ते मी लिवत नाही. तू कॉलेजात शिकलास.
देवका


(पोस्टकार्डं तीन, सुटी, आकडे टाकलेली)
जांभूळटोला, ता. ४ नोव्हेंबर १९३८

१

ती. सौ. देवकाबाईस सा. न.
उघडं कार्ड टाकतो आहे. केवळराम मास्तर, आपण वाचत असालच. चष्म्याचं काय ते मी भरून देईन. मोठ्यानं वाचा. चावडीत वाचा. पाठ करून म्हणा.

माझ्या आधीच्या कार्डांत ‘ती’ म्हणून जी होती ती अफू. अफू. दोन अक्षरं आहेत, दोन महिने लिहिली गेली नाहीत. दुपारी सुखरामबुवाच्या झोपडीत भेटायची ती अफू. उशाशी डबीत असायची ती अफू. कडू लागायची तीही अफूच. यशोदेनं बरोबर ओळखलं, तिच्याइतकं नीट ते कार्ड कोणीच वाचलं नाही. तिचा आणि माझा रोवण्यानंतर एक शब्द नाही. त्याआधीचेही मोजून चारपाच.

२

बाई, सहा दिवस तुझ्या सांगण्याप्रमाणे चाललो आहे. तुरीच्या डाळीएवढी घेत होतो, ती निम्म्यावर आणली, मग त्याच्या निम्म्यावर. पाय आपोआप झटके देतात, पोटात पीळ पडतो, जांभया देऊन देऊन जबडा दुखतो. बाबांना परवा सांगितलं. मला वाटलं काठी काढतील. ते बैलाच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाले, "तुया मायनं मायी सोडवली होती. तुमी लहान होते." एवढंच बोलून वैरण टाकायला गेले. म्हणजे घरात होतं ते, फक्त मोठ्या काकांचं नव्हतं. या घरात कोण काय सांगत नाही याचा पत्ताच लागत नाही.

अजून माझा गोंधळ आहेच. सकाळी छातीत कालवतं तेव्हा अजूनही नीट सांगता येत नाही की ते कशासाठी. पण एक नवी गोष्ट झाली. काल दुपारी धान बांधता बांधता पेंढीवर टेकलो आणि डोळा लागला. अर्धा तास असेल. घेतलेली नव्हती. स्वप्न पडलं नाही. उठलो तर गालावर काड्यांच्या रेघा होत्या. बाई, ती झोप माझी होती.

३

आज आपल्याकडे मंडई. साऱ्या टोल्यांतून माणसं आली आहेत. साकोलीवालेही दंडार पाहायला आले आहेत, मी गाडी ओळखली. केशोराव समोरच्या बाजेवर बसणार. दंडारीचे ढोल वाजायच्या आधी मी मांडवात उभा राहणार आणि हे कार्डावरचं तोंडानं म्हणणार. डबी दाखवणार. चुना नव्हे, अफू, असं म्हणणार. लोक हसतील. नागपूरला वर्ग हसला तेव्हा मी एकाला मारलं होतं. आज कोणाला मारणार नाही; किती जणांना मारू?

यानंतर केशोराव मला पोरगी देणार नाहीत हे मला ठाऊक आहे. पाणीही राखलं नाही आणि वर हे! साकोलीवाले कदाचित पुन्हा हो म्हणतील. त्यासाठीच चाललो आहे, आणि या वेळी जीव तुटतो तो डबीसाठी नाही. एवढं मात्र मला नक्की कळतं.

खरं सांगतो, आता निघताना वाटत होतं की मोहरीएवढी घ्यावी, म्हणजे बोलायला धीर येईल. डबी उघडली. पाहिलं. ही घेऊन बोललो तर मांडवात मी बोलत नसेन, तीच बोलेल. बंद केली. डबी खिशात आहे, भरलेली, दाखवण्यापुरती. तिथून थेट तुझ्याकडे येतो, बकारामच्या गाडीनं. आज त्याच्या अंगात कोट आहे, खिसे मी आधी तपासून घेईन.

ढोल आणू लागले. बाबांनी ओसरीवरून विचारलं, "कुठं जाऊन राहिलास?" मी म्हणालो, "मंडईत." ते म्हणाले, "काऊन?"

‘असंच’ म्हणालो नाही, खरं कारण सांगितलं. कार्डं वाटेत पेटीत टाकायला हातात घेतो, वहाणा घालतो, बाहेर पडतो आणि दार ओढून घेतो.

तुझा,
खेमराज